आपला विश्वासू

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर काल सकाळी एक फर्मान निघालं. ‘सर्व सभासदांना कळविण्यात येते की, गच्चीवर वाळवण घालण्यास मनाई आहे. सोलर पॅनेलवर कुरडईचे तुकडे आढळून आले आहेत.’ खाली चेअरमनसाहेबांनी पुरावा म्हणून फोटो जोडला होता. काळ्याभोर काचेवर अर्धवट वाळलेली, पांढरी, नाजूक कुरडई. खुनाच्या जागी बांगडी सापडावी तशी. ग्रुपवर लगेच तपास सुरू झाला. कोणाची? कुठल्या मजल्यावरची? आणि मी, मंडळी, चहाचा कप हातात धरून अगदी साळसूदपणे लिहिलं, ‘फारच गंभीर बाब आहे.’

कारण ती कुरडई आमच्या आईची होती.

नाशिकचा एप्रिल म्हणजे अधलामधला महिना. द्राक्षं संपलेली असतात, आंबा अजून भरवशाचा झालेला नसतो, आणि गोदावरी घाटाच्या पायऱ्या सोडून मागे सरकलेली असते. या दिवसांत पूर्वी घराघरांतून एक वास सुटायचा. तीन दिवस भिजलेल्या गव्हाचा. आंबूस, दमट, ओळख नसेल तर नकोसा वाटणारा. पाहुणे नाकाला रुमाल लावायचे आणि आम्ही पोरं त्या वासामागे वेडी व्हायचो, कारण त्याच्या पाठोपाठ चीक यायचा. त्या गव्हाचं वाटून, गाळून काढलेलं सत्त्व. सकाळी उन्हाआधी आई तो पातेल्यात घाटायची. घट्ट, चकचकीत झाला की सोऱ्यात भरून गच्चीवर कुरडया. पण त्याआधी प्रत्येकाला एक वाटी चीक, वर कच्चं शेंगदाण्याचं तेल आणि तिखट. जीभ भाजायची. “थांबा रे जरा,” आई म्हणायची. थांबतंय कोण?

मला छळणारा उन्हाळा मात्र लहानपणचा नाही. तेव्हा मी चांगला तिशीला टेकलो होतो. दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं, आणि मी घरात जाहीर केलं होतं की मी एक वेबसाइट काढतोय.

सकाळी एका क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकवायचो. उरलेला दिवस अशोकस्तंभाजवळच्या आमच्या घराच्या मधल्या खोलीत, आईने भरतकाम केलेली चादर बाजूला सारून, मशीनसमोर. कल्पना अशी की बायांनी, बाप्यांनीही, आपापल्या पाककृती साइटवर टाकायच्या, दुसऱ्यांनी त्या करून पाहायच्या आणि खाली अभिप्राय लिहायचा. आज हे ऐकून कोणी भुवईसुद्धा उचलणार नाही. तेव्हा मला वाटत होतं, मी विस्तवाचा शोध लावतोय. साइटचं नाव ठेवलं ‘पान वाढलंय’. प्रोग्रामर मी, चित्रकार मी, तक्रार निवारण अधिकारीही मीच. इंटरनेट फोनच्या तारेतून यायचं. जोडणी करताना मोडेम किंचाळायला लागला की आई स्वयंपाकघरातून म्हणायची, “लागला बघ त्याला ठसका. पाणी दे.”

फोन तासन् तास अडकलेला. एकदा सायखेड्याहून मामा गव्हाचं पोतं घेऊन स्वतःच दारात उभा राहिला. दर वर्षी कुरडईचा गहू त्याच्या शेतातला यायचा.

“काय भाचेबुवा, सकाळपासनं फोन लावतोय, नुसतं टूं टूं. एवढं कोनाशी बोलत व्हता?”

“इंटरनेटशी, मामा.”

मामाने पोतं खाली ठेवलं, घाम पुसला आणि आईकडे वळून हळूच विचारलं, “कुठली हाय ती?”

आता थोडं फॉण्टचं रडगाणं ऐका, कारण त्याच्याशिवाय पुढचं कळायचं नाही. त्या काळी मराठी अक्षरं सगळ्या मशीनवर दिसत नसत. मी वापरलेला फॉण्ट ज्याच्या मशीनवर असेल त्यालाच माझी साइट वाचता यायची. नसेल त्याला ‘कुरडई’च्या जागी नुसता इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा केर दिसायचा. बरं, फॉण्ट टाकला तरी लिहिणार कसं? त्याच्या कळा होत्या मराठी टाइपरायटरच्या. अर्धा ‘श’ इकडे, रफार तिकडे, काना वेगळाच मारायचा. इमारतीतल्या काकू हौसेने यायच्या, कळफलकाकडे बघायच्या आणि म्हणायच्या, “तूच लिही रे बाबा, मी सांगते.” सभासद पुष्कळ, टंकलेखक एक. नाशिकमध्ये माझा फॉण्ट असलेल्या जागा दोनच होत्या: आमची मधली खोली, आणि गंगापूर रोडवरचं माझ्या मित्राचं, विलासचं, सायबर कॅफे. तिथल्या सगळ्या मशीनवर मी तो स्वतः जाऊन बसवला होता. विलास गिऱ्हाइकांना अभिमानाने सांगायचा, “आपल्याकडे मराठी पण लागतं.” गिऱ्हाईक विचारायचं, “चॅटिंग लागतं का?”

सगळ्यात जास्त पाककृती अर्थातच आईच्या. मी प्रमाणासाठी एक चौकोन केला होता आणि त्यात फक्त आकडाच टाकता येईल अशी शिस्तबद्ध व्यवस्था केली होती.

“मीठ किती, आई?”

“अंदाजानं.”

“त्यात अंदाज बसत नाही. आकडा सांग.”

“मग तुझ्या खोक्याला सांग, जेवायला बस. कळेल.”

आणि अण्णा. अण्णा म्हणजे माझे वडील. जन्मभर एका सरकारी कचेरीत मराठी टंकलेखक होते, नुकतेच निवृत्त झाले होते. बोटं मात्र निवृत्त झाली नव्हती. बोलणं ऐकताना ती मांडीवर चालत राहायची, जणू समोरच्याचं बोलणं तीन प्रतींत उतरवून घेतायत. माझ्या मशीनभोवती त्यांनी एकदाच प्रदक्षिणा घातली होती.

“याला कागद कुठून घालायचा?”

“कागद लागत नाही, अण्णा.”

“मग साहेब सही कशावर करणार?”

त्यांनी छत्री उचलली आणि ते वाचनालयात वर्तमानपत्रं वाचायला निघून गेले. रोज दुपारी जायचे.

हा माणूस जेवणाबद्दल कधीही बोलला नाही. पानात पडेल ते मुकाट्याने खायचं, हे त्यांचं तत्त्व. खारट झालं तरी शब्द नाही, अमृत झालं तरी शब्द नाही. फारच कोणी खोदून विचारलं तर “ठीक”. श्रीखंड ठीक, मांडे ठीक, करपलेली भाजीही ठीक. आईने विचारणं माझ्या जन्माआधीच सोडलं असावं. पण एक गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलो. हो, ऐकत. अण्णा पहिला घास घ्यायचे तेव्हा स्वयंपाकघरातलं लाटणं थांबायचं. आई वळून बघायची नाही. घास गिळला जाईपर्यंत फक्त तेवढा आवाज बंद. मग पोळपाट पुन्हा वाजू लागायचा.

एका संध्याकाळी मी साइट उघडली आणि आरोळीच ठोकली. कुरडईच्या पाककृतीखाली अभिप्राय आला होता! मी न लिहिलेला, मी न टाइप केलेला, खराखुरा परका अभिप्राय. आई हात पुसत आली. अण्णा कोपऱ्यात पेपर वाचत होते, ते वाचतच राहिले. मी उभा राहून, छातीवर हात ठेवून वाचलं:

‘विषय: कुरडई. उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, सदर कुरडई तळली असता उत्तम फुलते. काठावर किंचित आंबूस लागते, ते विशेष उल्लेखनीय. तथापि मीठ थोडे कमी असल्याचे निदर्शनास आले. सबब उचित कार्यवाही व्हावी, ही विनंती.’ आणि नावाच्या रकान्यात: ‘आपला विश्वासू’.

हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. नाव म्हणून कोणी ‘आपला विश्वासू’ लिहितं का? कोणीतरी जुना कारकून असणार, मी म्हटलं. आणि नाशिकमधले होते नव्हते तेवढे कारकून माझ्या डोळ्यांपुढून गेले, कलेक्टर कचेरीतले, कोर्टातले, थेट त्र्यंबकपर्यंतचे. कोपऱ्यात पेपर धरून बसलेला तेवढा राहिला.

आई मात्र हसली नाही. तिला मीठ झोंबलं होतं.

“लिही,” ती म्हणाली. “मिठाचं भांडं पानाशेजारीच असतं म्हणावं. हात लांब करायला काय होतं?”

कोपऱ्यात पेपर जरासा हलला. पंखा होता.

मग तो पत्रव्यवहारच सुरू झाला हो! आमटीबद्दल आला, नागलीच्या पापडांबद्दल आला, आळूवड्यांबद्दल तर ‘सदर वडी एकाच वेळी चारपेक्षा अधिक वाढण्यास हरकत नसावी’ असा प्रस्तावच आला. आई दुपारी पडल्या पडल्या उत्तरं जुळवायची आणि मी घरी आलो की फडाफडा सांगायची. पहिल्या पहिल्यांदा भांडण होतं. “त्या विश्वासूंना म्हणावं, लय हुशारी दाखवू नका, एकदा गॅसपुढे उभे राहा.” चिडली की तिच्या तोंडी माहेरची सायखेड्याची बोली यायची. मग हळूहळू स्वर बदलला. “त्यांना विचार, सार फार आंबट होतं का.” चहाच्या वेळी अण्णाही पेपरामागून विचारू लागले, “काय, आज काही टपाल?” मला वाटायचं, निवृत्त माणूस, वेळ जात नाही.

त्या दिवसांत आई वेगळी दिसायची. पावडर लावून स्वयंपाक करायची, असं काही नाही, मंडळी. पण भाजीला फोडणी देताना थांबायची, चमच्याने हातावर थेंब घ्यायची, चाखायची आणि कोणाशी तरी मान डोलवायची. पूर्वी ती अंदाजाने मीठ टाकून मोकळी व्हायची. आता तिच्या अंदाजाला समोर कोणीतरी होतं.

दुसरा उन्हाळा आला. पुन्हा गव्हाचा वास, पुन्हा चीक, पुन्हा गच्चीवर काठी घेऊन कबुतरांशी युद्ध. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आमरसाबरोबर कुरडया तळल्या गेल्या, आणि दोन दिवसांनी टपाल आलं: ‘यंदाची कुरडई मागील वर्षीच्या तुलनेत सरस आहे. मिठाबाबत केलेली कार्यवाही समाधानकारक.’

“हा फेकतोय!” मी ओरडलो. “आई, पकडला! मागच्या वर्षीची याने कधी खाल्ली? न खाताच ठोकून देतोय बघ!”

“परत वाच,” आई म्हणाली.

वाचलं.

“परत.”

पुन्हा वाचलं. तिने पदराने डबा पुसला, स्वच्छच होता तो, आणि गच्चीवर निघून गेली. मला वाटलं, खोटारडा निघाला म्हणून हिरमुसली. मी केवढा हुशार होतो! सबंध साइट एकट्याने उभी केली होती, कोणता अभिप्राय कोणत्या खणात जाऊन बसतो ते मला डोळे मिटून सांगता आलं असतं.

साइट काही चालली नाही. पानाच्या तळाशी किती जण येऊन गेले ते दाखवणारं एक यंत्र होतं, ते मी पान पुन्हा उघडलं की पुढे सरकायचं. बाकी जग केर बघून परत जात असावं. तिसऱ्या उन्हाळ्यापर्यंत मला पुण्यात नोकरी लागली. त्याच हंगामात मामाच्या शेतात गहू लावला नव्हता, म्हणून आईने बाजारचा आणला होता, आणि ती धास्तावली होती. तिने सांगितलेलं उत्तर मी जसंच्या तसं चढवलं. ‘यंदा गहू बदलला आहे. कुरडई पहिल्यासारखी झाली का, ते नि:संकोच कळवावे. पुढल्या वर्षी करायच्या की नाहीत, ते त्यावर ठरेल.’

त्याच आठवड्यात, जेवता जेवता, मी माझा निर्णय जाहीर केला.

“साइट बंद करतोय. करून टाकलीच आज.”

लाटणं थांबलं.

“एकच माणूस येतो हो, अण्णा. एका माणसासाठी कोण चालवतं?”

अण्णांनी घास खाली ठेवला. क्षणभर त्यांची बोटं ताटाच्या कडेवर चालली. “बरोबर आहे,” ते म्हणाले. “एका माणसासाठी नसतं चालवायचं.” आणि त्यांनी ताटातच हात धुतला. ताटात आमटी होती.

आईने आतून विचारलं, “त्यांचं उत्तर आलं होतं का?”

“नाही.”

“बरं.”

पुढच्या वर्षी तिने कुरडया केल्या नाहीत. गुडघे दुखतात, म्हणाली. मी आखाजीला पुण्याहून आलो होतो. आमरस होता, पुरणपोळी होती. अण्णांनी पानाकडे पाहिलं, मग मिठाच्या भांड्याकडे पाहिलं आणि जेवले. “ठीक,” म्हणाले. त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

तुम्ही मनातल्या मनात मला केव्हाचेच शिव्या देत असाल, याची मला कल्पना आहे. तुम्हाला पहिल्याच अभिप्रायाला कळलं. मला कळायला अण्णा जावे लागले. काही वर्षांनी ते एका दुपारीच गेले, छत्री दाराला टेकवून ठेवलेली. भेटायला आलेला विलास बराच वेळ चपलांपाशी घुटमळला आणि मला जिन्यात घेऊन गेला.

“अण्णा आमच्याकडे यायचे,” तो म्हणाला. “कोपऱ्यातली केबिन. पडदा लावून बसायचे. मला म्हणाले होते, ‘विलास, हे कार्यालयीन गोपनीय आहे.’ काय हात होता रे! कीबोर्ड फोडतात की काय वाटायचं. पोरं गेम थांबवून बघायची.”

मी जिन्याचा कठडा धरला.

“तू साइट बंद केलीस ना, त्यानंतरसुद्धा यायचे. ‘उघडतंय का?’ विचारायचे. आता बंद झाली असं कसं सांगू? मी सांगायचो, सर्व्हर डाऊन आहे, अण्णा. म्हणायचे, ‘हरकत नाही, वरिष्ठ पातळीवर वेळ लागतो.’ बंद केलीस त्या दिवशी तर पान आधीच उघडून बसले होते. मोठा मजकूर लिहिला. बटण दाबलं आणि पान गेलं ते आलंच नाही.”

“काय लिहिलं होतं?”

“मी वाचलं नाही रे. गोपनीय होतं ना.”

आजही मी हे बोलता बोलता हसवून सांगतो. लग्नाच्या पंगतीत सांगतो, नकला करून सांगतो, ‘सदर वडी’ला टाळी मिळते. पण जिन्यातल्या त्या वाक्याशी आलो की माझ्या नकला संपतात. अख्ख्या जगाने एकमेकांच्या ताटात डोकावावं म्हणून मी खिडकी केली होती, आणि तिच्यातून डोकावलं कोण, तर त्याच घरातला माणूस, तेही वळसा घालून, छत्री घेऊन, उन्हातून, गंगापूर रोडला जाऊन. पाच पावलांवरच्या बाईला मीठ कमी आहे हे सांगायला त्याला फोनची तार, परगावचा सर्व्हर आणि मी लागत होतो. आणि मी माणसं मोजत बसलो.

साइटची एक सीडी माझ्याकडे आहे. मध्ये एकदा ती लावली. फाइली उघडल्या, पण तो फॉण्ट आता कुठल्याच मशीनवर बसत नाही. सगळा केर. आमटीही केर, आळूवडीही केर. तरी मी त्यात अण्णांना शोधू शकतो, कारण काही मजकुरांच्या शेवटी दर वेळी तोच, तेवढाच केर येतो. तेच ‘आपला विश्वासू’. इतका वेळ मी त्या चिन्हांकडे बघत बसलो की आता मला ती वाचता येतात.

आईला सांगायला मला बरेच दिवस लागले. अण्णांच्या वर्षश्राद्धानंतर, ती लसूण सोलत असताना, एकदाचं सांगितलं. तिने हातातली पाकळी सोलून पुरी केली.

“‘मागील वर्षी’ म्हणून वाचलंस ना, तेव्हाच कळलं मला.”

“मग बोलली का नाहीस? मला नाही, निदान त्यांना तरी?”

“बोलले असते तर लिहायचे थांबले असते,” ती म्हणाली आणि दुसरी पाकळी घेतली. “तुला साइट बंद करू नको म्हणणार होते. पण काय म्हणून सांगायचं? एवढ्या मोठ्या मुलाला?”

त्या वर्षापासून तिने पुन्हा कुरडया करायला घेतल्या. का, ते मी विचारलं नाही. आता ती ऐंशीच्या घरात आहे, मी पुण्याहून परतल्यापासून आमच्याकडे नाशिकलाच, पाथर्डी फाट्याला राहते, आणि चौथ्या मजल्यावरून गच्चीपर्यंतचा चढ लिफ्टच्या भरवशावर जिंकते. काल पॅनेलवरची कुरडई चेअरमनसाहेबांनी जप्त केली, बाकीच्या मी खाली आणून गॅलरीत खुर्चीवर पसरल्या. गेल्या आठवड्यातल्या, खडखडीत वाळलेल्या, त्यांतल्या दोन तिने रात्री तळल्या आणि एक माझ्या पानात टाकली.

“कशी झालीय?”

आता मी म्हणजे कोण? कुठल्याही विषयावर अर्धा तास न थांबता बोलणारा माणूस. मी घास घेतला. कुरडई तोंडात विरघळली, काठ आंबूस लागला, आणि माझ्या तोंडून आपोआप शब्द बाहेर पडला.

“ठीक.”

दोघंही जागच्या जागी थांबलो. मग आई हसायला लागली. पदर तोंडावर धरून, खांदे हलवत, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. शेवटी श्वास सापडल्यावर म्हणाली, “असं नाही चालायचं. लेखी कळव.”

विषय: कुरडई.

उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, सदर कुरडई उत्तम फुलली. काठावरचा आंबूसपणा जागच्या जागी आहे. गव्हाबाबत आपण पूर्वी केलेल्या पृच्छेचे उत्तर पाठविण्यास झालेला विलंब अक्षम्य आहे. पुढील वर्षीही कुरडया करण्यात याव्यात. गच्चीसंबंधी चेअरमनसाहेबांशी स्वतंत्र पत्रव्यवहार करण्यात येईल.

मीठ किंचित कमी होते. भांडे पानाशेजारीच होते. या घरात हात लांब करायला फार वेळ लागतो, याची कृपया नोंद घ्यावी.

आपला विश्वासू